दोन वर्षांचे लोग

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाला दूध मोजतो तेव्हा मी दुधाकडे बघत नाही, मापात बुडालेल्या त्याच्या अंगठ्याकडे बघते. लग्नात दोन बायका एकमेकींच्या कानात बोलल्या, तर ते माझ्या साडीबद्दलच असणार, असं मी धरून चालते. माहेरी साताऱ्याकडे आई म्हणायची, ही पोरगी सुतावरून स्वर्ग गाठते. अशा बाईच्या नशिबी दुकान आलं इंटरनेटचं. खुर्चीत बसल्या बसल्या कुणाच्या घरची लाइन कधी सुरू झाली आणि कधी बंद पडली ते जिथे दिसतं, तिथे नेमकं मला बसवलं गेलं.

आमचं दुकान नवी मुंबईत, दिघ्याच्या वस्तीत आहे. आधी केबल टीव्ही होता, आता इंटरनेट. एका मोठ्या कंपनीकडून माझा नवरा लाइन घेतो आणि गल्लीबोळांतून वायर टाकून ती घराघरांत पोहोचवतो. तो कायम कुणाच्या तरी गच्चीवर असतो. काउंटरला मी. आणि दाराशी प्लास्टिकची खुर्ची टाकून मामंजी, म्हणजे माझे सासरे. ते पावण्याच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. कोण किती वाजता आत आलं, किती वाजता बाहेर गेलं, हे लिहिण्यात त्यांची हयात गेली. रिटायर झाल्यावर ती सवय कुठे ठेवायची हे त्यांना कळेना, म्हणून ते आमच्याच येण्याजाण्यावर नजर ठेवत.

गेल्या वर्षी एके दिवशी सकाळी दुकानाच्या फोनवर वरच्या कंपनीचा मेसेज आला. हिंदीतला, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेला, हल्ली सगळे लिहितात तसा. सरकारी नियम आहे, प्रत्येक कस्टमरचे अमुक दोन वर्षं जपून ठेवा, कधीही मागतील, असा त्याचा अर्थ होता. त्या ‘अमुक’च्या जागी एल, ओ आणि जी अशी तीन अक्षरं होती. नवरा असता तर त्याने ती ‘लॉग’ अशी वाचली असती. कुठली लाइन कधी वापरली गेली याची मशीन आपोआप नोंद ठेवतं, तिला लॉग म्हणतात. पण नवरा गच्चीवर होता आणि फोन मामंजींच्या हातात होता. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि वाचलं, ‘लोग’.

“सूनबाई,” ते म्हणाले, “सरकारनं मानसं लिवून ठिवाय सांगितल्याती. गिऱ्हाइकागणिक. दोन वर्सं.”

मी मेसेज हातात घेतला, वाचला, आणि मलाही लोगच दिसले. जी बाई भाजीवालीने दिलेली कोथिंबीर उलटीपालटी करून बघते, तिला त्या तीन अक्षरांचा संशय आला नाही. सरकार आहे, माणसं मोजणारच, इतकं ते आम्हा दोघांना सरळ वाटलं.

मामंजींनी त्याच दिवशी लाल पाठीचं लांबडं रजिस्टर आणलं. पानांवर नंबर टाकले, रेघा मारल्या, वर रकाने लिहिले. घरातली माणसं, नातं, मूळ गाव, कामाचं ठिकाण, घरी असण्याची वेळ. शेवटचा रकाना नियमात कुठेच नव्हता. पण टाइमकीपरला वेळ लिहिल्याशिवाय माणूस पुरा झाल्यासारखा वाटत नाही.

रोज सकाळी न्याहारी करून, शाईचं पेन खिशाला लावून ते निघत. एकेक गल्ली घेत. मला वाटलं होतं लोक हाकलून देतील. उलट झालं. आमच्याकडे कुणी लिहायला आलं की माणसाला दोनच गोष्टी सुचतात. एकतर घर पाडायचा सर्वे आला, नाहीतर घर पक्कं करायचा. लोकांनी दुसरा अर्थ घेतला आणि मामंजींना चहा पाजून वर माहिती दिली. जुनी लाइटबिलं काढून दाखवली. एका बाईने तर गावी असलेल्या दिराचंही नाव घालायला लावलं, न जाणो पुढे खोलीचा हक्क लागला तर. मामंजींनी ते घातलं आणि पुढे प्रामाणिकपणे लिहिलं, ‘गैरहजर’.

फक्त एका दारात त्यांना “कशाला?” असा प्रश्न आला. पिठाच्या गिरणीच्या वर एक खोली होती, तिथे एक जोडपं नवीन राहायला आलं होतं. ती ऐरोलीच्या एका ऑफिसात होती, तो कारखान्यात पाळीवर जायचा. लाइन त्याच्या नावावर होती. दार तिने अर्धंच उघडलं. मामंजी म्हणाले, “पोरी, नियम हाय.” त्यांची बोली ऐकून तिचा चेहरा बदलला, असं मामंजींनी मला घरी येऊन कौतुकाने सांगितलं. ती आमच्याच भागातली निघाली. आठ महिन्यांत गावाकडचं बोलणं कानावर पडलं नव्हतं, म्हणाली. मग तिने त्यांना आत बसवलं, आणि आपलं गाव, वडलांचं नाव, घरच्यांना न सांगता केलेलं लग्न, नवऱ्याची वेगळी जात, त्याच्या पाळ्या, आपण किती वाजता एकटी असते, सगळं सांगून मोकळी झाली. माणूस ओळखीच्या आवाजाला किती चटकन फसतो! मामंजींनी ते सगळं सुवाच्य अक्षरात उतरवलं. शेवटी ती म्हणाली होती, “आबा, हे कुनाला दावनार न्हाई ना?” ते म्हणाले होते, “सरकारबिगर कुनाला न्हाय.”

पंधरा दिवसांनी नवऱ्याच्या हाती ते रजिस्टर लागलं. तो आधी हसला, मग हसता हसता खाली बसला. “आबा, लॉग! लॉग म्हणजे नोंद. मशीन ठेवतं आपोआप. तुमी काय जनगणना केली?” मामंजींनी चष्मा काढून खिशात ठेवला. त्यांनी रजिस्टर बंद केलं आणि राउटरच्या खोक्यांमागच्या फळीवर ठेवून दिलं. फेकायचं कुणाला सुचलं नाही. त्यांच्या अक्षरात लिहिलेलं काही फेकायचं, हे आमच्या घरात कुणाच्या मनातच येत नाही.

खऱ्या लॉगबद्दल माझ्या नवऱ्याचे विचार पक्के आहेत. दोन वर्षं ठेवायला सांगितलंय ना, ठेवायचं. त्यावर एक दिवस नाही. आणि मागेल त्याला द्यायचं नाही. एकदा पोलिसांचं रीतसर पत्र आलं होतं, कुणाची तरी ऑनलाइन फसवणूक झाली होती म्हणून. त्यात एक लांबलचक आकडा होता, तारीख होती, मिनिटापर्यंत वेळ होती, खाली सही-शिक्का. या वेळेला हा आकडा कुठल्या लाइनवर होता, एवढाच प्रश्न. नवऱ्याने तेवढंच उत्तर धाडलं. मी म्हटलं, “त्या लाइनवाल्यांच्या शेजारचा भाडेकरूपण मला धड वाटत नाही, तेही लिहा की.”

“विचारलंय तेवढंच,” तो म्हणाला. “तुझा संशय म्हणजे काय सरकारी कागद आहे का?”

त्याने माझ्या संशयाला असं तोडून बोलावं याला कारण होतं, आणि ते सांगताना मला अजून लाज वाटते. दुकानाच्या कॉम्प्युटरवर तेव्हा कुठल्याही घरच्या वायफायला कोणकोणते फोन जोडलेत तेही दिसायचं. मी ते चाळत बसायची. एकदा मला माझ्याच नवऱ्याचा फोन खाडीकडच्या गावातल्या एका घरी दिसला. पुढच्या आठवड्यात पुन्हा. दर गुरुवारी, दुपारी, तासभर. विचारलं तर म्हणायचा, लाइन बिघडली होती. दर गुरुवारी एकाच घरची लाइन बिघडते? कुठेतरी पाणी मुरतंय, याची मला खात्री पटली. महिनाभर मी जेवले नाही, म्हणजे त्याच्यासमोर जेवले नाही. शेवटी एका गुरुवारी रिक्षा करून थेट त्या घरी गेले. दार उघडंच होतं. माझा नवरा त्याच्या मित्राबरोबर मांडी घालून बसला होता आणि ताटात बोंबलाचं कालवण होतं. गुरुवारी माझ्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. मित्राची बायको मला म्हणाली, “ये ना ताई, बस. तुज्यासाठी भाजी हाय.”

नोंद खोटी नव्हती. फोन तिथेच होता, वेळ तीच होती. त्यापुढची सगळी गोष्ट मी माझ्या पदरची रचली होती. नवऱ्याने दुसऱ्याच दिवशी त्या पानाला पासवर्ड लावला आणि तो मला सांगितला नाही. त्याला एवढंच म्हणायचं होतं, की संशयी माणसाच्या हातात असलं काही देऊ नये. मला राग आला, पण त्याचं चुकलं असं म्हणता येईना.

मग तो माणूस आला.

सकाळचे अकरा वाजले असतील. नवरा कामाला बाहेर होता. पांढरा शर्ट, काखेत प्लास्टिकची फाइल, पायांत नवे बूट. “सर्वेकडून आलोय,” म्हणाला. “तुमच्याकडे लोकांचं रजिस्टर आहे म्हणे. तपासायचंय.”

मामंजी खुर्चीतून उठलेच. महिनोन् महिने त्यांच्या त्या मेहनतीची आमच्या घरात थट्टा झाली होती. चहाच्या टपरीवर ते अजूनही सांगत, सगळ्या वस्तीची माणसं माझ्याकडे लिहिलेली आहेत म्हणून. आणि आज खरोखर सरकार मागायला आलं होतं. ते फळीकडे गेले, रजिस्टर काढलं, धोतराच्या सोग्याने धूळ पुसली. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला दिसत होता.

मला मात्र त्या माणसाच्या तोंडचा एक शब्द टोचत होता. खरं मागणारे लॉग मागतात, आकडा मागतात, वेळ मागतात. हा रजिस्टर मागत होता. आमच्या घरातल्या चुकीला कुठलं सरकार ओळखतं? ही चूक फक्त वस्तीला ठाऊक होती.

“साहेब, पत्र?” मी विचारलं.

“फोनवर आहे,” म्हणून त्याने फोनमधला कसलातरी फोटो दुरून दाखवला आणि लगेच खिशात घातला. “बाई, कायद्यातलं तुम्हाला काय कळतं? दोन वर्षं ठेवायचा नियम आहे ना?”

“कळत नाही म्हणूनच लेखी मागते. आणि ठेवायचा नियम आहे, दाखवायचा नाही.”

तो हसला. “आवो, नुस्तं बघायचं हाय वो.”

ते ‘वो’ ऐकलं आणि मी खुर्चीतून उठले. इतका वेळ शहरी बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून माझं माहेर बाहेर पडलं होतं. मामंजी तोवर रजिस्टर पुढे करत होते. त्या माणसाचा हात रजिस्टरला लागायला वीतभर अंतर असेल. लग्नाला सोळा वर्षं झाली, मी मामंजींसमोर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी मी काउंटरवरून हात लांब करून त्यांच्या हातातून ते ओढून घेतलं आणि ओरडले, “मामंजी, बसा खाली!”

ते बसले. रस्त्यावरची दोन माणसं थांबून बघायला लागली. मी रजिस्टर मांडीखाली घेतलं आणि त्याच्यावरच बसले. त्या माणसाने रस्त्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आवाज उतरवला. “आमच्या घरातली पोरगी हाय, ताई. हिकडंच कुटंतरी हाय. आई लई आजारी हाय तिची. शेवटचं बघायचं म्हनती.”

इथे माझी खरी पंचाईत झाली. डोळे त्याचे ओले होते. ते खरे ओले होते की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. बोंबलाच्या कालवणाने मला शिकवलं होतं, की माझा संशय खोटा पडू शकतो. आई खरंच मरायला टेकली असली तर? पण मी वही दिली आणि संशय खरा निघाला, तर त्याची किंमत मी मोजणार नव्हते. ती गिरणीवरच्या खोलीतली पोरगी मोजणार होती, तीसुद्धा ज्या वेळी एकटी असते त्या वेळी. आणि ती वेळ माझ्या बुडाखालच्या वहीत लिहिलेली होती.

“आमच्याकडे अशी कुणी नाही,” मी म्हटलं. “नंबर ठेवून जा.”

त्याने एका चिठ्ठीवर नंबर लिहिला आणि गेला. मामंजी खुर्चीत तसेच बसून होते. “मी देतच हुतो गं,” एवढंच म्हणाले.

पोरगीकडे लगेच जायची माझी छाती झाली नाही. तो कोपऱ्यावर उभा राहून माझ्या मागे येईल, असं वाटत होतं. मी नवऱ्याला फोन केला. त्याने वायर आणि पक्कड घेऊन, लाइन तपासायला गेल्यासारखं करत चार घरं फिरून तिला निरोप दिला. दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसातून रजा घेतली. ती दुकानात न येता परस्पर बस स्टॉपवर आली. चिठ्ठी बघून म्हणाली, “थोरल्या चुलत्याचा नंबर.” तिने चिठ्ठीची बारीक घडी घातली. मग म्हणाली, “ताई, आईचं खरं असलं तर?”

तिच्या फोनवरून लावायचा नाही, दुकानाच्या तर नाहीच, एवढं मला कळत होतं. मी म्हटलं, वाशीला मार्केटात जाऊ. तिथे अर्धा सातारा ओझी उचलतो. रोज तिथून किती फोन गावाकडे जात असतील, त्यात एक तुझा. माझ्या मागोमाग आलेले मामंजी म्हणाले, मीपण येनार. मी नको म्हटलं, तर म्हणाले, पान माझ्या हातचं हाय.

कांदा-बटाट्याच्या बाजूला एक चहावाला होता. आम्ही तिघांनी चहा घेतला आणि ‘फोनची बॅटरी गेली’ म्हणून त्याचा फोन मागून घेतला. तिने गावाकडच्या शेजारच्या काकूचा नंबर लावला, तो तिला पाठ होता. काकूने “थांब” म्हणून आईला हाक मारली. पोरीने आजाराचं विचारलं, तसा फोनमधून एक खणखणीत आवाज आला. गावाकडची माणसं फोनवर ओरडूनच बोलतात, त्यामुळे आम्हालाही सगळं ऐकू येत होतं.

“आजारी? मी? कोन म्हनलं? आत्ताच म्हशीखालनं उठून आली मी.”

पोरगी रडायला लागली. रडता रडता म्हणाली, “आई, मी हितं...”

“गप!” आई ओरडली. “कुटं हाईस ते मला सांगू नगंस. मला ठावं असलं तर माज्याकडनं काढून घेतील. मला काय बी ठावं नसू दे. जेवतीस का, एवडंच सांग.”

“जेवते.”

“बास,” म्हणून आईने फोन ठेवला.

आम्ही बसने परतलो. मामंजी खिडकीबाहेर बघत होते. घरी आल्यावर त्यांनी मला बादली मागितली. रजिस्टरचं पुठ्ठ्याचं कव्हर सोडवलं, पानं फाडून पाण्यात टाकली आणि दोन्ही हातांनी खाली दाबून धरली. नंबर घातलेलं पान फाडणं म्हणजे टाइमकीपरच्या लेखी चोरी. तीस वर्षांत आपण एक पान फाडलं नाही, असं ते नेहमी सांगायचे. शाईचं पेन होतं, त्यामुळे पाणी हळूहळू निळं झालं. ते म्हणाले, “आपल्याकडं आया कागूद वाया घालवत न्हवत्या. मेथ्या हाईत का घरात?”

होत्या. आमच्या गावाकडे रद्दीचा लगदा करून त्यात वाटलेल्या मेथ्या कालवतात आणि जुन्या सुपा-टोपल्यांना लिंपतात, म्हणजे बांबूच्या फटी बुजतात. दोन दिवसांनी मी लगदा मिक्सरला लावला आणि मिक्सर जळाला. मग उरलेला हाताने मळला. टोपली चांगली घट्ट झाली. काउंटरवर असते, तिच्यात वायरींचे कनेक्टर ठेवते. सगळी वस्ती तिच्यात आहे, तो गावी असलेला गैरहजर दीरसुद्धा. पण आता कुणालाही त्यातला एक माणूस वेगळा काढता यायचा नाही.

मशीनमधलं मात्र मला भिजवता येत नाही. गिरणीवरच्या खोलीची लाइन कधी चालू झाली, कधी बंद झाली, हे तिथे आहे आणि नियमाप्रमाणे राहणार. दोन वर्षं अजून भरलेली नाहीत. कधी भरतात, ते नवऱ्याने कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलंय.

ते जोडपं पुढच्याच आठवड्यात गेलं. ती राउटर परत द्यायला सकाळी दुकानात आली, वायर नीट गुंडाळून. मामंजींच्या पाया पडली. ज्यांनी साऱ्या वस्तीला गाव, नातं आणि वेळ विचारली होती, त्यांनी तिला काही विचारलं नाही. फक्त “जेवत जा” म्हणाले. ती माझ्याकडे वळली आणि हळूच म्हणाली, “ताई, तुम्हाला म्हणून सांगते. आम्ही नवीन खोली घेतलीय ती...”

वस्तीतल्या कुणाच्या घरात काय शिजतंय हे कळल्याशिवाय मला झोप लागत नाही. तरी मी पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला.

“मला सांगू नकोस,” मी म्हटलं.